दृक् आणि श्राव्य: काही रूढ गैरसमजांची छाननी

चित्रपट असो, अनुबोधपट असो वा शाळकरी मुलांसाठी तयार केलेली दृक्‌-श्राव्य पाठमालिका असो, त्या कृतीचा अर्थ कथेत आणि संवादांत साठवलेला असतो, छायाचित्रण तो डोळ्यांपुढे आणते आणि ध्वनी म्हणजे अखेरीस पानात वाढलेले तोंडी लावणे, अशी समजूत आपल्याकडील सुशिक्षित प्रेक्षकवर्गातही इतकी खोल रुजलेली आहे, की चित्रपटाच्या परीक्षणात कथानकाची कैफियत सविस्तर मांडली जाते आणि ध्वनियोजनेची बोळवण एखाद्या शेऱ्यावर केली जाते. ही समजूत निराधार आहे. डोळा आणि कान ही दोन स्वतंत्र खाती असून प्रत्येक आपापला दाखला मेंदूपुढे निराळा सादर करते, हे गृहीतकच मुळात टिकत नाही. 1976 साली हॅरी मॅगर्क आणि जॉन मॅक्डोनल्ड या मानसशास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावरील व्यक्तीचे ओठ ‘ग’ उच्चारीत असताना तिच्या चित्राला ‘ब’ या उच्चाराचा ध्वनी जोडला, तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक प्रौढांना ‘ड’ ऐकू आला, म्हणजे जो ओठांवरही नव्हता आणि ध्वनिमुद्रणातही नव्हता, असा एक तिसराच वर्ण. डोळे मिटताच त्यांना ‘ब’ स्पष्ट ऐकू येई. दृश्य आणि ध्वनी एकत्र आले म्हणजे दोहोंची बेरीज न होता त्यांच्या संयोगातून काही नवे निपजते, याचा याहून निःसंदिग्ध पुरावा क्वचितच मिळेल.

ध्वनियोजना म्हणजे पार्श्वसंगीत, आणि संगीत जितके अधिक तितका परिणाम गहिरा, हा दुसरा गैरसमज पहिल्यापेक्षा अधिक हट्टी आहे. आणि त्याचे उत्तर मराठी चित्रसृष्टीनेच फार पूर्वी देऊन ठेवलेले असल्यामुळे त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला अगत्याचे वाटते. ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात झळकला, तेव्हापासून पडद्याला वाचा फुटल्याचा आनंद इतका अनावर होता, की पुढील काही वर्षे गाण्यांची आणि वाद्यांची नुसती रेलचेल उडाली. अशा काळात, 1937 साली, पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘कुंकू’ काढला. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात एका वृद्ध विधुर वकिलाशी फसवून लावलेले लग्न मनाने कबूल करावयास नकार देणारी तरुणी शांता आपटे यांनी, आणि तो वृद्ध पती केशवराव दाते यांनी, साकार केला. संगीताची बाजू केशवराव भोळे यांच्यासारख्या जाणत्या संगीतज्ञाकडे असूनही भावना उचलून धरण्यासाठी अदृश्य वाद्यवृंद वाजविण्याची सवलत या चित्रपटाने स्वतःस घेऊ दिली नाही. जो ध्वनी ऐकू येतो, त्याचा उगम त्या घरातील, त्या रस्त्यावरील एखाद्या प्रत्यक्ष वस्तूत किंवा माणसात आहे.

या निवडीने अर्थाच्या दृष्टीने काय फरक पडला? पार्श्वसंगीत प्रेक्षकाला हळूच सांगत असते, की येथे करुणा बाळगा, येथे क्रोध येऊ द्या, येथे निश्चिंत व्हा. आणि ते सांगणारा आवाज कथेतील कोणाचाही नसल्यामुळे त्याच्याशी वाद घालण्याची सोय उरत नाही. ‘कुंकू’ मध्ये हा सल्लागार काढून घेतल्याबरोबर प्रेक्षक त्या घरात एकटा पडतो. जुन्या घड्याळाची टिकटिक ही तेथे केवळ घड्याळाची टिकटिक असते, आणि म्हणूनच ती त्या वृद्धाच्या उरलेल्या आयुष्याची मोजदाद करू शकते. तिच्यावर सारंगीचा एखादा विव्हळ स्वर चढविला असता, तर तो अर्थ प्रेक्षकाच्या हाती आयता पडला असता आणि त्याच क्षणी स्वस्तही झाला असता. जरठ-विवाहाच्या अन्यायाविषयीचा निवाडा प्रेक्षकानेच द्यावयाचा आहे, ही भूमिका संवादांइतकीच या ध्वनियोजनेनेही मांडली, असे माझे मत आहे.

याच चित्रपटाच्या आधाराने आणखी एका समजुतीची खातरजमा करून घेता येते. रंगांना उपजत आणि सार्वत्रिक अर्थ असतात, लाल म्हणजे धोका किंवा प्रणय, पांढरा म्हणजे शुद्धता, अशी कोष्टके आजकाल दृश्यरचनेच्या नवशिक्यांना सर्रास पढविली जातात. परंतु गोव्यातील ख्रिस्ती वधू जो शुभ्र वेष विवाहप्रसंगी परिधान करते, तोच शुभ्र वर्ण बंगालातील हिंदू स्त्रीच्या अंगावर वैधव्य जाहीर करतो. महाराष्ट्रात तर एकच तांबडा रंग सुवासिनीच्या कपाळी सौभाग्य म्हणून मिरवत असे आणि त्याच घरातील केशवपन केलेल्या विधवेच्या आलवणात तिच्या सर्वस्वहरणाची निशाणी होऊन बसे. ‘कुंकू’ हा कृष्णधवल चित्रपट. त्यात तांबडा रंग नावालाही नाही. पडद्यावर दिसतो तो एक गडद ठिपका, आणि तरीही तो तांबडा आहे याविषयी 1937 च्या प्रेक्षकाला तिळमात्र संदेह नव्हता. अर्थ रंगद्रव्यात नव्हे, तर समाजाच्या स्मृतीत आणि त्या कृतीने उभ्या केलेल्या संदर्भात वसतो.

कॅमेऱ्याने आणि ध्वनिमुद्रकाने जे टिपले तेच आपण पाहतो-ऐकतो, हाही एक भाबडा समज आहे. पावलांचे आवाज, कपड्यांची सळसळ, ठोशांचे धमाके यांपैकी पुष्कळसे ध्वनी चित्रीकरणानंतर स्टुडिओत, पडद्यावरील हालचाल पाहत पाहत, मुद्दाम निर्माण केलेले असतात. युनिव्हर्सल स्टुडिओतील जॅक फोली यांच्या नावानेच ही कला जगभर ओळखली जाते. हिंदी चित्रपटांत तर कित्येक दशके संवादसुद्धा मागाहून डबिंगने भरण्याचा प्रघात होता, आणि 2001 च्या ‘लगान’ ने चित्रीकरणाच्या जागीच ध्वनिमुद्रण करण्याची तजवीज केली, तेव्हा ती मोठी नवलाई ठरली. यात फसवणूक आहे असे मानण्याचे कारण नाही. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ त (1955) दीर्घकाळाने घरी परतलेला हरिहर मुलीसाठी आणलेली साडी पत्नी सर्वजया हिच्या हाती देतो, आणि ती मुलगी आता या जगात नाही हे सांगण्याऐवजी सर्वजया कोसळून आक्रोश करते. तो आक्रोश आपल्याला ऐकू येतच नाही, त्याच्या जागी रविशंकरांच्या संगीतातील तारशहनाईचा टिपेचा स्वर येतो. संगीताला माझा सरसकट विरोध नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. या ठिकाणी संगीत भावनेची शिफारस करीत नाही, ते त्या मातेचा कंठच होते.

आता शांततेविषयी. ध्वनी नसणे म्हणजे शांतता, आणि शांतता म्हणजे काहीच न योजणे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः बोलपटातील नेहमीची शांतता ही मुद्रित केलेली असते; रिकाम्या खोलीची, माळरानाची, रात्रीच्या अंगणाची स्वतंत्र निःशब्दता ध्वनिमुद्रक टिपून आणतात आणि ती संवादांच्या खाली अंथरली जाते. हे अंथरूणही काढून घेणे हा फार मोठा निर्णय असतो. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ मध्ये (2016) अजय-अतुल यांचे भव्य वाद्यवृंदाने भारलेले संगीत पूर्वार्धात अक्षरशः उधळलेले आहे, आणि अखेरच्या प्रसंगात, आर्ची-परश्या या नायिका-नायकाचे अजाण मूल घरात शिरून रडत बाहेर पडते व त्याच्या पावलांचे रक्ताळलेले ठसे मागे उरतात तेव्हा, सर्व ध्वनी हरपलेला आहे. त्या रडण्याचाही आवाज नाही. पूर्वार्धातील संगीताचे वैभव केवळ लोकानुनयासाठी होते, असे म्हणणाऱ्या टीकाकारांनी हा हिशेब ध्यानात घेतलेला नाही; ते वैभव नसते, तर ही वंचना इतकी जीवघेणी झाली नसती.

मंजुळे यांच्याच ‘फँड्री’ तील (2013) एक प्रसंग याहूनही मर्मभेदक आहे. नायक जब्या याचे कैकाडी कुटुंब गावापुढे अपमानित होत डुक्कर पकडू पाहत असते. ऐन वेळी शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात, सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात, आणि डुक्कर निसटून जाते. चित्र एकटे पाहिले तर स्तब्ध उभी माणसे, आणि ध्वनी एकटा ऐकला तर शाळेतील नित्याचा परिपाठ. समान नागरिकत्वाचे वचन आणि त्या वचनाबाहेर ठेवलेले आयुष्य यांची गाठ पडते ती केवळ दोहोंच्या संयोगात. आयझेनस्टाईन, पुदोवकिन आणि अलेक्सांद्रोव या रशियन दिग्दर्शकांनी 1928 सालीच, बोलपट नुकता जन्माला येत असताना, ध्वनीने चित्राची री न ओढता त्याच्याशी विरोध साधावा, अशी मागणी एका निवेदनाद्वारे केली होती. तिचे इतके प्रांजळ उदाहरण मराठीत घडावे, याचा मला अभिमान वाटतो.

कलाकृतीपुरते हे ठीक, पण शिकविण्याच्या चित्रफितीत थोडे संगीत, थोडी सजावट असली म्हणजे मुलांचे लक्ष लागते, असा युक्तिवाद शिक्षकवर्गाकडून हमखास येतो. रोक्साना मोरेनो आणि रिचर्ड मेयर यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वीज कशी चमकते आणि वाहनाचा ब्रेक कसा लागतो, याची निवेदनासहित चलच्चित्रे विद्यार्थ्यांना दाखविली. ज्यांच्या निवेदनामागे पार्श्वसंगीत वाजत होते, त्यांना मजकूर कमी आठवला आणि त्याचा उपयोग करून नवे प्रश्न सोडविणेही कमी जमले. कारण उघड आहे: एका वेळी कानाने ग्रहण करण्याची आपली शक्ती मर्यादित असते, आणि निवेदनाच्या वाट्याचा भाग संगीत खाऊन टाकते. निवेदकाचा शब्दन्‌शब्द त्याच वेळी पडद्यावर छापण्याची जी प्रथा पडली आहे, तीही ऐकू येणाऱ्या आणि भाषा जाणणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत असेच नुकसान करते, कारण वाचण्यात गुंतलेला डोळा आकृतीवरून हटतो. ज्याला ऐकू येत नाही वा ती भाषा परकी आहे, त्याच्यासाठी मात्र तीच अक्षरे अत्यावश्यक ठरतात. म्हणून ती इच्छेनुसार दाखविता आणि लपविता येतील अशी ठेवावीत, आणि निवेदन चालू असेतोवर संगीत पूर्ण बंद करावे.