प्रेमाची शाळा (भाग ९) : सुरतच्या नर्मदाला कोणी शिकवलं?

गेल्या भागात रमाबाई रानडे भेटल्या. अकराव्या वर्षी लग्न झालं आणि नवऱ्यापुढे बसून अक्षरं गिरवता गिरवता त्यांना नवऱ्याचा लळा लागला. मुलग्यांचं काय? त्यासाठी तापीकाठी जाऊ.

सुरतेत शिकणाऱ्या खानदेशी मुलामुलींच्या गुणपत्रिकेवर आज विद्यापीठाच्या नावात ज्याचं नाव असतं, तो कवी नर्मद. नर्मदाशंकर लालशंकर दवे, जन्म १८३३. त्याचंही लग्न अकराव्या वर्षीच झालं. बायकोचं नाव गुलाब. पुढे तो मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये शिकायला गेला, आई वारली आणि सासऱ्यांचा तगादा सुरू झाला : मुलगी मोठी झाली, आता संसार मांडा. शिक्षण अर्धवट टाकून नर्मद सुरतेला परतला, १८५२ साली तापीपलीकडे रांदेरच्या शाळेत मास्तर झाला. दुसऱ्याच वर्षी गुलाब गेली. वयाच्या विशीत तो विधुर.

म्हणजे बायको आधी आली, प्रेम म्हणजे काय हा प्रश्न नंतर पडला. घरात तो विचारायची सोय नव्हती. कविता, पुस्तकं, मित्रांच्या गप्पा आणि स्वतःच्या शरीराची ओढ, एवढेच त्याचे मास्तर. ही ओढ त्याने ‘मारी हकीकत’ या आत्मचरित्रात आडपडदा न ठेवता लिहिली. लिहिलं १८६६ साली, पण सर्वांच्या हाती आलं १९३३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ४७ वर्षांनी. आपल्याकडच्या पुरुषांची त्या काळातली आत्मचरित्रं काढून पाहा, या बाबतीत किती मुकी आहेत!

प्रेम आणि शौर्य हे नर्मदाचं ब्रीद. १८५६ साली डाहीगौरीशी त्याचं दुसरं लग्न झालं. विधवाविवाहाचा कायदा आला तोही त्याच वर्षी. विधवांच्या लग्नाच्या बाजूने १८६० मध्ये नर्मद वैष्णव धर्मगुरू जदुनाथजी महाराजांशी जाहीर वादाला उभा राहिला. १८६९ साली त्याने सवितागौरी या विधवेला आसरा दिला आणि पुढच्या वर्षी नर्मदागौरी या दुसऱ्या विधवेशी लग्न केलं. बोलेल तसं वागणारा माणूस, जातीच्या रोषाला न भिणारा.

पण डाहीगौरी घरातच होती. हिंदू पुरुषाला दुसरी बायको करायला तेव्हा कायद्याची आडकाठी नव्हती. मुंबई इलाख्यात ती १९४६ साली आली. डाहीगौरीची आणि त्याची या लग्नाबद्दलची बोलणी नर्मदाने टिपून ठेवली आहेत. तिचा होकार आहे त्यात, पण लेखणी त्याची. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं तेव्हा ते विधुर होते, त्यांच्या धैर्याची किंमत घरातल्या दुसऱ्या बाईला मोजावी लागली नाही. नर्मदाच्या धैर्याचं कौतुक मलाही आहे, पण सवतीसोबत राहायचं शौर्य डाहीगौरीच्या वाट्याला आलं आणि सुरतेत तिच्या नावाचं विद्यापीठ नाही.

पुढच्या भागात रखमाबाई. लग्न पुन्हा अकराव्याच वर्षी. नवऱ्याने १८८४ साली कोर्टात खेचलं, पुढे त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन, पण याच्या घरी नांदायला जाणार नाही.