बीड जिल्ह्यांतील निजामकालीन दप्तर आणि आजचा कायदा

संशोधकाच्या दृष्टीनें जुना कागद हा गतकालाचा साक्षीदार होय. परंतु मराठवाड्यांत, व त्यांतही बीड जिल्ह्यांत, हा साक्षीदार अद्यापि न्यायालयांत उभा राहून साक्ष देत आहे, ही गोष्ट संग्राहकांच्या ध्यानांत पुरेशी आलेली दिसत नाहीं. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाची सत्ता संपली. १९५६ सालीं बीड जिल्हा मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. राजवट गेली, तरी तिचें दप्तर कायद्याच्या दृष्टीनें मृत झालें नाहीं. त्या दप्तराचे दोन प्रकार घेऊन त्यांस आज काय किंमत आहे, आणि ती टिकविण्यास संग्राहकांनीं काय केलें पाहिजे, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम लिपि व कालगणना यांविषयीं दोन शब्द. या दप्तरांत गांवपातळीवरील लिखाण बहुधा मोडींत, तर वरिष्ठ कचेऱ्यांचें उर्दूंत आढळतें. वर्ष फसली असतें. हैदराबादच्या फसली सनांत साधारणतः ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. उदाहरणार्थ, संस्थानचा जमीनमहसुलाचा कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७ चा. हाच आंकडा कोणी हिजरी समजला, तर साल १८९९-१९०० निघेल. आठ वर्षांची ही चूक इतिहासांत कदाचित् खपून जाईल. वारसाच्या दाव्यांत खपणार नाहीं.

पहिला प्रकार मुंतखबाचा. इनामाची किंवा त्याच्या वारसाची चौकशी पुरी झाल्यावर अधिकाऱ्यानें जो निर्णयपत्रवजा दाखला द्यावयाचा, तो मुंतखब. १९५२ च्या हैदराबाद अतियात चौकशी कायद्यानें मुंतखबास आपल्या व्याख्येंतच स्थान दिलें. पुढें १९५४ च्या कायद्यानें इनामें नष्ट झालीं. परंतु धर्मादाय व देवस्थानाचीं इनामें त्यांतून वगळण्यांत आलीं. त्यामुळें एखादी जमीन पूर्वजास निर्वाहासाठीं, म्हणजे मदद-मआश म्हणून, मिळाली होती, कीं देवळाच्या अथवा दर्ग्याच्या सेवेच्या शर्तीवर, म्हणजे मश्रूत-उल-खिदमत म्हणून, या प्रश्नास आजही महत्त्व आहे. शंभर वर्षांपूर्वींच्या लेखकानें लिहिलेल्या एका शब्दावर जमीन वहिवाटदाराची ठरते किंवा देवस्थानाची राहते. तो शब्द चुकीचा वाचणारा संशोधक केवळ पाठभेदाचा दोषी होत नाहीं.

दुसरा प्रकार जातीच्या नोंदींचा. १९०९ सालीं प्रसिद्ध झालेल्या हैदराबाद संस्थानच्या गॅझेटियरांत १९०१ च्या खानेसुमारीचे आंकडे घेतलेले आहेत. बीड जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हां सुमारें ४ लाख ९२ हजार होती. शतकाच्या अखेरच्या दुष्काळांनीं ती आधींच्या खानेसुमारीपेक्षां बरीच घटली होती. शेती करणारा मोठा वर्ग या ग्रंथांत कुणबी या नांवानें मोजलेला आहे. कुणबी ही जात महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गांच्या यादींत असून, १ जून २००४ च्या निर्णयानें मराठा-कुणबी व कुणबी-मराठा हीं नांवेंही तींत आलीं. अशा रीतीनें एका जुन्या ग्रंथाचा आजच्या आरक्षणाशीं संबंध जडला. ७ सप्टेंबर २०२३ रोजीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली. २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयानें हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेऊन गांवपातळीवर चौकशीची पद्धत घालून दिली. या निर्णयास न्यायालयांत आव्हानही देण्यांत आलें. या वादांत कोणाचा पक्ष खरा, हें ठरविणें आमचें काम नव्हे.

परंतु पुराव्याच्या दोन जातींतील भेद दाखविणें हें आमचें काम खचित आहे. गॅझेटियर संख्या सांगतें, नांव सांगत नाहीं. अमुक जिल्ह्यांत इतके कुणबी होते, यावरून अमुक मनुष्याचा पणजा कुणबी होता, असें आपोआप सिद्ध होत नाहीं. तें सिद्ध होण्यास खासरा पत्रक, पाहणी पत्रक, जन्ममृत्यूची नोंद किंवा शाळेचें रजिस्टर यांतील व्यक्तीची नोंद, व तिच्याशीं जोडलेली वंशावळ लागते. दाखल्याच्या कायद्यानें पुराव्याचें ओझें दावेदारावरच टाकलें आहे. स्वातंत्र्यपूर्व कागदांस नंतरच्या कागदांपेक्षां अधिक वजन आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं जमातीच्या एका दाव्यांत सांगितलें. तें वजन अशा व्यक्तिगत नोंदींसच लाभतें.

हा प्रकार आपल्याच मुलखांत घडतो असें नाहीं. अमेरिकेंत १८९३ सालीं नेमलेल्या डॉझ कमिशननें आजच्या ओक्लाहोमा प्रांतांतील चेरोकी आदि पांच आदिवासी राष्ट्रांच्या लोकांच्या याद्या केल्या. त्या १९०७ सालीं बंद झाल्या. चेरोकी राष्ट्राचें नागरिकत्व आजही त्या यादींतील पूर्वजावरून ठरतें. यादींत रक्ताचे वंशज निराळे व पूर्वींचे गुलाम निराळे लिहिले होते. दुसऱ्या सदरांतील लोकांच्या वंशजांस नागरिकत्व आहे किंवा नाहीं, हा वाद २०१७ पर्यंत चालला, आणि शेवटीं संघीय न्यायालयानें १८६६ च्या तहाचा आधार घेऊन तें आहे असें ठरविलें. कारकुनानें कोणत्या सदरांत नांव घातलें, याचें फळ चवथी-पांचवी पिढी भोगीत होती.

आतां संग्राहकांच्या कर्तव्याकडे वळूं. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांतील ९० वें कलम, व १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतील ९२ वें कलम, यांप्रमाणें तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यांतून पुढें आला, तर त्यावरील सही व हस्ताक्षर खरें असल्याचें न्यायालयास गृहीत धरतां येतें. मजकूर खरा आहे, असें मात्र या कलमानें गृहीत होत नाहीं. येथें 'योग्य ताबा' हे शब्द महत्त्वाचे आहेत. ज्या घराच्या रुमालांत कागद पिढ्यान्‌पिढ्या राहिला, तेथून तो निघाला तर त्याचें वजन कायम राहतें. तोच आमच्यापैकीं कोणी उचलून आणला, रुमाल मोडला, आणि कोठून आणला याची टीप ठेवली नाहीं, तर कागद वांचला पण साक्ष मेली, असें होण्याचा संभव आहे. ताब्याचा उगम न्याय्य होता असें दाखवितां आलें, तर कायदा तो ताबा अयोग्य मानीत नाहीं. म्हणून टिपेचें महत्त्व.

यास्तव आमची विनंति अशी : रुमाल सोडण्यापूर्वीं त्यांतील कागदांचा क्रम लिहून घ्यावा, कोणाकडून, कोणत्या गांवीं, कोणत्या दिवशीं मिळाले, त्याची टीप देणाऱ्याच्या सहीनें ठेवावी, शक्य तेथें छायाचित्र घेऊन मूळ घरींच राहूं द्यावें. मूळ कागदावर शाई किंवा पेन्सिल लावूं नये. सरकारी नोंदवही खाजगी हातीं आली, तर ती कचेरीस परत करावी. वाचन देतांना संशयित अक्षर संशयित म्हणूनच छापावें, मग तें कोणाच्या सोयीचें असो वा गैरसोयीचें. ज्या कागदावर एखाद्याची जमीन किंवा मुलाचें शिक्षण अवलंबून आहे, त्या कागदाशीं आमचें नातें मालकाचें नसून विश्वस्ताचें आहे.