कपाट आधी आतून आखावे

मराठी मध्यमवर्गीय घरात कपाट म्हटले की एकेकाळी डोळ्यांसमोर येई ते गोदरेजचे पोलादी कपाट. गोदरेजने १९२३ साली ही कपाटे बनवायला प्रारंभ केला आणि पुढे कित्येक पिढ्यांच्या लग्नातल्या साड्या, दागिने आणि विम्याची कागदपत्रे त्यात सुखाने नांदली. घर बदलले की ते कपाटही हमालांच्या खांद्यावरून नव्या घरी जाई. आज शयनगृहात भिंतीला जोडून केल्या जाणाऱ्या वॉर्डरोबच्या नशिबी हा प्रवास सहसा नसतो. तो एकदा बसला की वर्षानुवर्षे तेथेच राहतो. त्यामुळे त्याच्या आखणीतली चूक रोज सकाळी नव्याने भोगावी लागते.

बहुतेक घरांत वॉर्डरोबची चर्चा सुरू होते ती शटरच्या रंगापासून. सनमायकाचे नमुने पाहिले जातात, हँडल निवडले जाते आणि आतल्या कप्प्यांचा प्रश्न सुताराच्या अंदाजावर सोपवला जातो. वास्तविक हा क्रम उलटा हवा. आधी कपडे, मग भिंत आणि शेवटी रंगरूप.

मोजदाद कपड्यांची

आपल्याकडे टांगायचे कपडे किती आणि घडीचे किती, याची यादी करावी. हँगरची रुंदी साधारण १७-१८ इंच असते. त्यावरच्या कपड्याला दोन्ही बाजूंनी मोकळीक हवी, म्हणून कपाटाची एकूण खोली २४ इंच धरतात. शर्ट व कुर्त्यांना ३८ ते ४० इंच उंची पुरते. लांब ड्रेस, शेरवानी यांना मात्र ५५ ते ६० इंच लागतात. सात फुटी कपाटात शर्टांसाठी एकाखाली एक असे दोन दांडे बसू शकतात आणि जागा दुप्पट कामी येते. परंतु त्यातला वरचा दांडा साडेसहा फुटांच्या आसपास जातो. पाच फूट उंचीच्या गृहिणीला किंवा घरातल्या ज्येष्ठांना तो स्टुलाशिवाय उपयोगाचा नाही. कोणता भाग कोण वापरणार हे ठरवूनच उंची नक्की करावी.

घडीच्या कपड्यांसाठी दोन फळ्यांत १२ ते १४ इंच अंतर पुरेसे असते. त्याहून अधिक ठेवल्यास थप्पी उंच होते आणि खालची साडी ओढताना वरच्या दहा कोसळतात. फळीची लांबीही आवरती असावी. पाऊण इंची प्लायवुडची फळी अडीच-तीन फुटांपलीकडे गेली आणि मध्ये आधार नसला, तर कपड्यांच्या भाराने कालांतराने वाकते.

जरीच्या साड्यांचा विचार वेगळा. पैठणीसारखी भारी साडी कायम हँगरवर ठेवल्यास तिच्याच वजनाने ताणली जाते. ती मलमलीच्या किंवा सुती कापडात गुंडाळून सपाट ठेवावी आणि अधूनमधून घडी बदलावी. त्याच त्या घडीवर जर तुटते. अशा साड्यांसाठी रुंद, उथळ ड्रॉवर सर्वांत उत्तम. डांबराच्या गोळ्या जरीला थेट लागू देऊ नयेत.

शटर सरकते की उघडते?

याचे उत्तर खोलीच्या मापात असते. समजा, खोलीची लांबी ११ फूट आहे. एका भिंतीला दोन फूट खोलीचा वॉर्डरोब आणि समोरच्या भिंतीला डोके करून साडेसहा फुटांचा पलंग ठेवला, तर मध्ये उरतात अवघे अडीच फूट. येथे दीड फूट रुंदीचे बिजागरीचे शटर उघडून माणूस कसाबसा उभा राहतो. दोन फुटांचे शटर केल्यास वाट बंद. सरकत्या शटरांना उघडायला जागा लागत नाही, परंतु त्यांच्या पट्ट्यांमुळे कपाटाची खोली तीन-चार इंचांनी वाढते आणि एका वेळी अर्धेच कपाट दिसते. त्यांच्यामागे ड्रॉवर करायचे असतील तर ते एकाच शटरच्या मोकळ्या रुंदीत बसवावेत. अन्यथा ड्रॉवर दुसऱ्या शटरला अडतो.

खरा शत्रू दमटपणा

मुंबईत सांताक्रूझ येथे एकट्या जुलै महिन्यात सरासरी ८०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाचा मारा सोसणाऱ्या बाहेरच्या भिंतीला किंवा न्हाणीघराच्या सामाईक भिंतीला कपाट टेकवले, तर ओल मागच्या फळीत उतरते आणि कपड्यांना बुरशी धरते. शक्य असल्यास कोरडी, आतली भिंत निवडावी. ते जमत नसेल तर आधी गळती बंद करावी, मागे दोनेक इंच मोकळी जागा सोडावी आणि हवा खेळण्यासाठी झरोके ठेवावेत. तळ जमिनीपासून तीन-चार इंच उचललेला असावा.

प्लायवुड घेताना भारतीय मानक ब्युरोचा आयएसआय शिक्का पाहावा. सर्वसाधारण प्लायवुडसाठी आयएस ३०३ आणि मरिन प्लायवुडसाठी आयएस ७१० हे मानक आहे. बाजारात ‘एमआर’ म्हणून मिळणारा प्रकार कोरड्या खोलीत चालतो. ओलीची शंका असेल तेथे ‘बीडब्ल्यूआर’ किंवा मरिन घ्यावा. शटरला बाहेरून सनमायका लावला की आतूनही लावायला सांगावे. एकाच बाजूला लावल्यास फळी हळूहळू कमानीसारखी वाकते आणि शटर नीट बंद होत नाही.

सौंदर्य शेवटी, पण दुय्यम नव्हे

लहान खोलीत वॉर्डरोब ही सर्वांत मोठी वस्तू असते. म्हणून तिने भिंतीसारखे शांत राहावे. फिकट रंग, एकाच जातीची हँडल आणि माळ्याच्या शटरांच्या उभ्या रेघा खालच्या शटरांशी जुळलेल्या, एवढ्यानेही खोली नीटनेटकी दिसते. चकचकीत पृष्ठभागावर बोटांचे ठसे उमटतात, तेव्हा घरात लहान मुले असल्यास मॅट फिनिश बरे. खिडकीसमोरच्या शटरला उभा आरसा लावला तर उजेड वाढतो आणि वेगळ्या ड्रेसिंग टेबलाची जागा वाचते.

काम देण्यापूर्वी सुताराकडून किंवा सजावटकाराकडून आतल्या भागाचा मापांसह आराखडा कागदावर मागून घ्यावा. कोणत्या कप्प्यात काय ठेवणार, ते त्यावर स्वतःच्या हाताने लिहावे. एखाद्या कप्प्यापुढे काहीच लिहिता आले नाही, तर तो काढून टाकावा. कागदावरची रेघ खोडायला पैसे पडत नाहीत. बसवलेली फळी मात्र पैसे मोजूनच काढावी लागते.