एक टिचकी, हजार संगणक

ऑफिसातल्या संगणकाचा वॉलपेपर बदलायला जावं, तर पर्याय पुसट झालेले असतात आणि वर एक ओळ दिसते: यातल्या काही सेटिंग्जचं व्यवस्थापन तुमची संस्था करते. पेन ड्राइव्ह लावला तर तो दिसतो, पण उघडत नाही. चहाला जाऊन यावं, तर स्क्रीन लॉक झालेली असते. एखादं सॉफ्टवेअर टाकायला गेलं की अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला जातो. बँकेत, विमा कंपनीत, रुग्णालयात किंवा हिंजवडीतल्या एखाद्या आयटी कंपनीत काम करणाऱ्याला यात नवं काही नाही. ‘आयटीवाल्यांनी बंद केलंय’ म्हणून आपण पुढच्या कामाला लागतो. पण आयटीवाले तर आपल्या टेबलापाशी कधी फिरकलेलेही नसतात. मग त्यांनी हे बंद केलं कसं? आणि का?

‘कसं’ याचं उत्तर तांत्रिक आहे आणि गेल्या पंचवीस वर्षांत त्याचा गाभा फारसा बदललेला नाही. ‘का’ याचं उत्तर मात्र पुष्कळ ऑफिसांत कोणालाच धड देता येत नाही. खरी गोम तिथंच आहे.

टेबलाटेबलावरून सर्व्हरवर

संगणक पाच-दहा असतात तेव्हा सेटिंग बदलायला माणूस टेबलाटेबलावर जाऊ शकतो. पाचशे झाले की ते शक्य नसतं. शेवटच्या संगणकापर्यंत पोचेतो पहिल्यावर कोणीतरी सगळं पूर्ववत केलेलं असतं. नव्वदच्या दशकात कंपन्यांमध्ये विंडोजची मशिन शेकड्यांनी बसू लागली, तेव्हा मायक्रोसॉफ्टनं यावर ‘सिस्टीम पॉलिसी’ हा उपाय काढला. विंडोज ९५ आणि १९९६ साली आलेली विंडोज एनटी ४.० या दोन्हींत तो होता. नियमांची एक फाइल सर्व्हरवर ठेवायची. कर्मचाऱ्यानं लॉगिन केलं की त्याचा संगणक ती वाचायचा आणि त्याबरहुकूम आपल्या रजिस्ट्रीत बदल करायचा. रजिस्ट्री म्हणजे विंडोजचं सगळ्या सेटिंग्जचं दप्तर.

कल्पना चांगली होती, पण तिच्यात एक खोट होती. नियम मागे घेतला तरी रजिस्ट्रीतला बदल तसाच राहायचा. तो काढायचा तर उलटा नियम लिहून पुन्हा सगळीकडे पोचवायला लागे. या क्षेत्रातली मंडळी त्याला ‘टॅटू’ म्हणत.

१७ फेब्रुवारी २००० रोजी विंडोज २००० बाजारात आलं. त्यासोबत अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आली, म्हणजे संस्थेतल्या सगळ्या माणसांची आणि यंत्रांची मध्यवर्ती नोंदवही, आणि तिच्या जोडीला ग्रुप पॉलिसी आली. यात केंद्राच्या नियमांना रजिस्ट्रीत वेगळी जागा दिली गेली. साध्या युजरला तिथं लिहिता येत नाही. तिथल्या नोंदीला युजरच्या आवडीपेक्षा जास्त मान असतो. आणि नियम उठला की ती नोंद पुसली जाते आणि आधीची सेटिंग पुन्हा वर येते. हजार संगणकांवर नियम घालता येणं ही सोय होतीच, पण तो तितक्याच सहज मागे घेता येऊ लागला हे जास्त महत्त्वाचं होतं.

एका नियमाचा प्रवास

पेन ड्राइव्ह बंदीचाच नियम घेऊ. आयटीतला अधिकारी ग्रुप पॉलिसीचा कन्सोल उघडतो, एक नवी पॉलिसी तयार करतो आणि तिला ‘शाखा – पेन ड्राइव्ह बंद’ असं काहीतरी नाव देतो. आत सेटिंग्जचं प्रचंड मोठं झाड असतं. त्यात ‘रिमूव्हेबल स्टोरेज अ‍ॅक्सेस’ या फांदीवर ‘डिनाय ऑल अ‍ॅक्सेस’ नावाची ओळ आहे. तिच्यासमोर तीन पर्याय दिसतात: नॉट कॉन्फिगर्ड, एनेबल्ड, डिसेबल्ड. नवखा इथं हमखास अडखळतो. पेन ड्राइव्ह बंद करायचा म्हणून तो ‘डिसेबल्ड’ निवडतो आणि बंदीच बंद करून बसतो. ओळच नकाराची असल्यामुळे ती ‘एनेबल’ करावी लागते.

सेव्ह केलेली पॉलिसी दोन ठिकाणी राहते. तिची नोंद अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत होते आणि प्रत्यक्ष नियमांच्या फाइली सर्व्हरवरच्या ‘सिसव्हॉल’ नावाच्या शेअर फोल्डरमध्ये जातात. तिथून त्या संस्थेच्या सगळ्या डोमेन कंट्रोलरांवर, म्हणजे ही नोंदवही सांभाळणाऱ्या सर्व्हरांवर, उतरतात.

ऑफिसात आपण ‘पॉलिसी पुश केली’ म्हणतो खरं, पण सर्व्हर आपण होऊन काहीच पाठवत नाही. संगणकच विचारायला जातो. यंत्र सुरू होताना ते आपले नियम आणतं आणि माणूस लॉगिन करतो तेव्हा त्या माणसाचे. त्यानंतर दर ९० मिनिटांनी पुन्हा विचारणा होते आणि त्यात शून्य ते ३० मिनिटांची वाढ यदृच्छेनं मिसळलेली असते. सगळे संगणक एकाच क्षणी सर्व्हरच्या दारात उभे राहू नयेत, म्हणून ही तजवीज. त्यामुळे सकाळी अकराला केलेला बदल चालू असलेल्या आणि नेटवर्कवर असलेल्या प्रत्येक मशिनवर साधारण एकच्या आत पोचतो. डोमेन कंट्रोलर स्वतः मात्र दर पाच मिनिटांनी नियम तपासतात.

एवढा प्रवास करून शाखेतल्या संगणकावर काय घडतं? रजिस्ट्रीतल्या एका नोंदीत १ हा आकडा लिहिला जातो. बस. त्यानंतर विंडोज पेन ड्राइव्ह दाखवतं, पण उघडू देत नाही.

एकाच संगणकावर अनेक नियम येऊन पडतात, तेव्हा क्रम ठरलेला असतो. आधी त्या मशिनचे स्वतःचे, मग त्या जागेचे, मग सगळ्या डोमेनचे, म्हणजे त्या नोंदवहीतल्या सगळ्यांना लागू असलेले, आणि शेवटी त्या विभागाचे. दोघांत भांडण लागलं तर शेवटी लागलेला जिंकतो. आपल्या कायद्यात वरचा नियम खालच्यावर मात करतो, इथं एरवी उलट चालतं: जवळचा नियम लांबच्याला हरवतो. विभागाला वरून येणारे नियम अडवण्याचीही मुभा असते. पण मुख्य कचेरीनं एखाद्या पॉलिसीवर ‘एन्फोर्स्ड’ अशी खूण केली, की ती कोणाच्या बापाला बधत नाही.

“एकदा रीस्टार्ट मारा”

शाखा आणि मुख्य कचेरी यांच्यातला हा संवाद राज्यातल्या कुठल्याही बँकेत ऐकू येईल.

“अहो सर, ऑडिटर येऊन बसलेत. त्यांचा पेन ड्राइव्ह उघडेना.”

“मॅडम, परवानगीचं मेल आलंय का साहेबांचं?”

“सकाळीच पाठवलंय. तुम्हीच ‘झालं’ म्हणून कळवलंत.”

“हो, माझ्याकडून झालंय. तुम्ही एकदा रीस्टार्ट मारा.”

“दरवेळी तुमचं रीस्टार्टच असतं!”

मॅडमचा वैताग खरा आहे, पण इथं सरांचंही बरोबर आहे. अशी सूट देताना त्या संगणकाचं नाव एका खास गटात टाकतात आणि त्या गटाला नियमातून वगळतात. आपण कोणकोणत्या गटांत आहोत, हे संगणक एरवी सुरू होतानाच विचारून घेतो. चालू मशिनला नव्या सदस्यत्वाचा पत्ता नसतो. रीस्टार्टनंतरही काम झालं नाही, तर ‘जीपीरिझल्ट’ ही आज्ञा देऊन अहवाल काढतात. कोणते नियम लागले, कोणते नाकारले गेले आणि कशामुळे, हे सगळं त्यात असतं. पुष्कळदा बदली होऊन आलेलं मशिन नोंदवहीत अजून जुन्याच शाखेत असल्याचं त्यातून उघडकीला येतं.

मुदतीचा रकाना

नागरी सहकारी बँकांचं जाळं महाराष्ट्रात मोठं आहे, म्हणून अशी बंदी कुठून येते हे पाहायला त्यांचं उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्या हल्ल्याचं मुख्य लक्ष्य एटीएमची यंत्रणा होती, टेबलावरचे संगणक नव्हेत. मात्र छोट्या बँकांच्या सुरक्षेचा प्रश्न त्या वर्षी ऐरणीवर आला. १९ ऑक्टोबर २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जारी केली. पेन ड्राइव्हसारखी साधनं एरवी वापरू देऊ नयेत, द्यायचीच तर ठरावीक कामासाठी आणि ठरावीक मुदतीपुरती, असं तीत सांगितलं आहे. दुसऱ्या ठिकाणाहून संगणकाचा ताबा घेण्याची सोयही बंद ठेवायची आणि अधिकाऱ्याच्या मंजुरीनंच उघडायची.

या वाक्यांत बंदी आहे, अपवाद आहे, अपवादाचं कारण आहे आणि मुदतही आहे. ग्रुप पॉलिसीच्या पडद्यावर यातली फक्त बंदी एका टिचकीत उतरते. तिथं मुदतीचा रकाना नाही. टिपणीचा आहे, पण तो भरायची सक्ती नाही. ऑडिटर दोन दिवसांनी निघून जातात, त्यांच्यासाठी सूट दिलेलं मशिन मात्र कोणी आठवणीनं काढलं नाही तर वर्षानुवर्षं त्या गटात राहतं. नियम लिहिणारा नोकरी सोडून जातो, मागे ‘टेस्ट २’ नावाची पॉलिसी उरते, आणि ती काढली तर काय मोडेल या भीतीनं कोणी तिला हात लावत नाही.

कारण गेलं, नियम राहिला

कारण संपल्यावरही नियम टिकून राहतो, याचा जगभर गाजलेला दाखला म्हणजे पासवर्ड. अमेरिकेतल्या ‘निस्ट’ या मानक संस्थेसाठी बिल बर यांनी २००३ साली पासवर्डविषयी मार्गदर्शन लिहिलं. मोठं अक्षर, आकडा, चिन्ह आणि ठरावीक काळानं बदल, ही चारधाम यात्रा तिथून जगभर पसरली आणि पॉलिसींनी ती ऑफिसाऑफिसांत लागू केली. विंडोजच्या डोमेनमध्ये काहीच बदललं नाही, तर पासवर्डची मुदत ४२ दिवस असते. माणसांनी त्यावर आपला तोडगा काढला. ‘गणपती@१’ची मुदत संपली की ‘गणपती@२’. सक्तीमुळे पासवर्ड अवघड होण्याऐवजी ओळखायला सोपे झाले.

२०१७ मध्ये निस्टनं भूमिका बदलली: पासवर्ड फुटल्याचा पुरावा असल्याशिवाय तो बदलायची सक्ती करू नये. बर यांनीही जुन्या सल्ल्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपल्या शिफारशींतून ६० दिवसांची मुदत काढून टाकली. तरीही ‘तुमचा पासवर्ड पाच दिवसांत संपतोय’ ही सूचना अजून किती ठिकाणी झळकते पाहा. यंत्राला नियम पाळायला सांगितलं आहे, तो अजून योग्य आहे का हे विचारायला सांगितलेलं नाही. ते माणसाचं काम आहे.

एकाच जागी सगळी ताकद

हजार संगणकांवर नियम घालण्याची सोय म्हणजे हजार संगणकांवर चूक पोचवण्याचीही सोय. २००८ सालापासून पॉलिसीतून संगणकांचा अ‍ॅडमिन पासवर्ड ठरवता येऊ लागला. तो सिसव्हॉलमध्ये सांकेतिक रूपात ठेवला जाई. पण ते सांकेतिक रूप उलगडायची किल्ली मायक्रोसॉफ्टच्याच तांत्रिक दस्तऐवजात छापलेली होती, आणि सिसव्हॉल वाचायची मुभा डोमेनमधल्या प्रत्येक युजरला असते. मे २०१४ मध्ये ही सोय बंद झाली. आधी साठवलेले पासवर्ड मात्र ज्याचे त्यानं शोधून काढायचे होते.

हल्लेखोरांनीही ही ताकद ओळखली. २०२१ मध्ये समोर आलेलं ‘लॉकबिट २.०’ हे खंडणीखोर सॉफ्टवेअर डोमेन कंट्रोलर हाती लागला की स्वतःच ग्रुप पॉलिसी तयार करून सगळ्या संगणकांवर पसरायचं. आयटीवाल्यांनी बांधलेला रस्ता आयता मिळाला.

वाईट हेतू नसतानाही काय होऊ शकतं, ते १९ जुलै २०२४ रोजी दिसलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल ग्राहकांच्या विंडोज संगणकांवर उतरली. ग्रुप पॉलिसीशी तिचा संबंध नव्हता, पण मध्यवर्ती व्यवस्थेचा धडा तोच. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले आणि भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. दुरुस्तीसाठी असंख्य ठिकाणी माणसाला एकेका मशिनपुढं बसून ती फाइल पुसावी लागली. असे बदल यापुढं टप्प्याटप्प्यानं सोडू, असं कंपनीनं नंतर जाहीर केलं.

घरी गेलेला लॅपटॉप

२०२० मध्ये टाळेबंदी आली आणि ऑफिसचे लॅपटॉप घरोघर गेले. ग्रुप पॉलिसीची सगळी मांडणी संगणक ऑफिसच्या नेटवर्कवर आहे असं धरून केलेली. व्हीपीएननं ऑफिसच्या नेटवर्कशी जोडल्याशिवाय लॅपटॉपला डोमेन कंट्रोलर सापडत नाही आणि नवे नियम मिळत नाहीत. म्हणून मायक्रोसॉफ्टच्या इन्ट्यूनसारख्या, इंटरनेटवरूनच नियम देणाऱ्या व्यवस्थांकडे ओढा वाढला. त्यात लॅपटॉप कुठूनही, साधारण आठ तासांनी एकदा, केंद्राशी बोलतो. फोन आणि अ‍ॅपलची यंत्रंही त्याच छत्राखाली येतात. रस्ता बदलला, तरी नियम लिहिणाऱ्याची जबाबदारी तीच राहिली.

नियम लिहिणाऱ्यांसाठी नियम

ज्या संस्था हे काम नीट करतात, त्यांची शिस्त साधी असते. प्रत्येक पॉलिसीच्या टिपणीत कारण, मागणी करणारा विभाग आणि फेरविचाराची तारीख लिहायची. नवा नियम आधी आयटीच्या स्वतःच्या मशिनवर, मग एका तयार असलेल्या शाखेवर आणि मगच सगळीकडे लावायचा. अपवादाच्या गटाची दर तिमाहीला झाडाझडती घ्यायची. पॉलिसी बदलण्याचा अधिकार मोजक्या हातांत ठेवायचा आणि बदल करणाऱ्यानं दुसऱ्याला दाखवल्याशिवाय तो लागू करायचा नाही. यातल्या कशालाही नवं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही.

यात तुमच्या-माझ्यासारख्या युजरचाही वाटा आहे. पुढच्या वेळी काही अडलं तर मागच्या दारानं वाट काढू नका. ऑफिसची फाइल स्वतःच्या जीमेलवर पाठवली की नियमही मोडतो आणि त्याची अडचण वरपर्यंत पोचतही नाही. आयटीला सरळ विचारा: हा नियम कशासाठी आहे, यातून सूट कोण देऊ शकतं आणि किती दिवसांसाठी? तिन्हींची उत्तरं मिळाली तर नियम पाळायला जड जाणार नाही. उत्तर ‘पहिल्यापासून तसंच आहे’ असं आलं, तर तो नियम फेरविचाराच्या यादीत टाकायला सांगा. केंद्रात बसून घातलेला नियम कुठं अडतो, हे त्या खुर्चीवरून दिसत नाही. ते तुमच्या टेबलावरूनच कळवावं लागतं.