डॉक्टर फोनवर, बाई गावात

स्त्रीरोगतज्ज्ञ आणि फोन यांचं नातं जुनं आहे. ‘मॅडम, गोळी चुकली, आता काय करू?’ असे फोन नाशिकच्या दवाखान्यांत टेलिमेडिसिन हा शब्द रुळण्याआधीपासून येत. त्यांची नोंद नसे, बहुधा फीही नसे. जुलै २०१८मध्ये या सवयीला धक्का बसला. रत्नागिरीत सिझेरियन झालेली एक बाई त्रास होऊ लागल्याने पुन्हा दवाखान्यात आली. डॉक्टर बाहेरगावी होते, फोनवरच्या सूचनांनुसार तिला दाखल करून घेतलं आणि पुढे ती दगावली. मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टर दांपत्याला अटकपूर्व जामीन नाकारला, तेव्हा राज्यभरातले डॉक्टर फोनवर औषध सांगायला कचरू लागले.

मग २५ मार्च २०२० उजाडला. टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वंही आली. रुग्णाची ओळख पटवा, नोंद ठेवा, चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक लिहा, असं त्यांत स्पष्ट होतं. पहिल्याच सल्ल्यात कोणती औषधं देता येतील, कोणती फक्त फेरतपासणीत, याच्या याद्याही होत्या. १३ एप्रिलला घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येईल अशी सरकारची ई-संजीवनी ओपीडी सुरू झाली. त्याच महिन्यात मालेगावात करोनाचा उद्रेक झाला आणि गरोदर बाईला दवाखान्याच्या दारात नेणंच घरच्यांना धोक्याचं वाटू लागलं.

फोनवर काय निभतं, हे त्या काळात कळलं. थायरॉइडचा रिपोर्ट, पीसीओडीची फेरतपासणी, रजोनिवृत्तीच्या तक्रारी, गर्भनिरोधक गोळ्यांविषयीच्या शंका यांसाठी बाईने रजा काढून, रिक्षा करून यायची गरज नव्हती. पण आठव्या महिन्यात डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते, असं ती म्हणाली तर बीपी मोजल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नसतो. बाळाची हालचाल कमी वाटते किंवा अंगावरून जातंय, अशा वेळी ‘लगेच या’ एवढाच सल्ला द्यायचा.

दुसरी अडचण घरातली. मोबाइल बऱ्याचदा नवऱ्याचा, शेजारी सासू. पांढरं जातंय, संबंधाच्या वेळी दुखतं, हे दवाखान्यात पडद्याआड सांगणारी बाई घरात व्हिडिओ कॉलवर ‘सगळं ठीक आहे’ म्हणून मोकळी होते. तिथे हो-नाही एवढ्यात उत्तर देता येईल असेच प्रश्न विचारावे लागतात.

म्हणून पेठ, सुरगाण्यासारख्या दुर्गम तालुक्यांसाठी ई-संजीवनीचा दुसरा प्रकार मला अधिक मोलाचा वाटतो. त्यात बाई आयुष्मान आरोग्य मंदिरात (पूर्वीच्या आरोग्यवर्धिनी केंद्रात) बसते, समुदाय आरोग्य अधिकारी तिचं बीपी, हिमोग्लोबिन बघतात आणि तज्ज्ञ पडद्यावर असतात. तपासणारा माणूस जवळ असतो आणि घरचं कुणी ऐकत नसतं. नेटवर्क गेलं तरी मोजलेलं बीपी कागदावर राहतं. खासगी दवाखान्याला अशी सेवा सुरू करायची असेल तर ॲप निवडण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात: कोणत्या तक्रारीला फोन ठेवून बाईला बोलवायचं, आणि ती येऊ शकत नसेल तर गावात तिला हात लावून कोण तपासणार.