काळ्या पडद्यावरचं टपाल

लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, आजही ई-मेलवर घडतो. डेव्हलपर आपला बदल, म्हणजे पॅच, साध्या मजकुराच्या मेलमध्ये घालून पाठवतो, बाकीचे त्यावर ओळीओळीला उत्तर देतात आणि पसंत पडला की तो मेलमधूनच उचलून कोडमध्ये घेतला जातो. यात मेल प्रोग्रामने आगाऊपणा करून चालत नाही. टॅबच्या जागी रिकाम्या जागा आल्या किंवा लांब ओळ मध्येच तुटली, की पॅच लागत नाही. म्हणून कर्नलच्या अधिकृत कागदपत्रांत ई-मेल प्रोग्राम कसे लावून घ्यावेत यासाठी स्वतंत्र पान आहे. पॅच पाठवायला जीमेलची वेब आवृत्ती चालणार नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. अल्पाइन आणि मट हे टर्मिनलमध्ये चालणारे प्रोग्राम मात्र त्या यादीत मानानं बसलेत.

म्हणजे माऊस न लागणारे हे काळ्या पडद्याचे प्रोग्राम निव्वळ जुन्या सवयीपोटी टिकलेले नाहीत. त्यांच्याकडे चोख काम आहे. अडचण एवढीच, की नव्या माणसाला त्यांच्या दारातून आत शिरणं फार कठीण जातं.

ते सोपं करण्याचा पहिला मोठा प्रयत्न वॉशिंग्टन विद्यापीठात झाला. तिथे 1989 मध्ये पाइनचं काम सुरू झालं, ते संगणक शास्त्रज्ञांसाठी नव्हे, तर कार्यालयात काम करणाऱ्या सामान्य कर्मचाऱ्यांसाठी. पडद्याच्या तळाशी दोन ओळींत त्या क्षणी चालणाऱ्या कळा लिहिलेल्या असत: उत्तर द्यायचं तर ही, पुढे पाठवायचं तर ती. पाठ काहीच करायचं नाही. भारतात 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा स्वस्तातलं, फक्त मजकूर दाखवणारं शेल अकाउंट घेतलेल्या मुंबईकर विद्यार्थ्यांचं टपाल याच पाइनमध्ये उघडत होतं. त्या पिढीतल्या अनेकांना तळाच्या त्या दोन ओळी अजून आठवत असतील. पाइनचाच वारस म्हणजे आजचा अल्पाइन.

त्याच 1995 मध्ये मायकेल एल्किन्स यांनी मट लिहिला. त्याची ताकद वेगळी होती. हजारो मेलचा ढीग तो झटक्यात उघडायचा, एका विषयावरची उत्तरं झाडासारखी फांद्या दाखवत मांडायचा आणि मजकूर लिहायला वापरणाऱ्याच्या आवडीचा एडिटर समोर आणून द्यायचा. त्या बदल्यात त्याला शेकडो सेटिंग्ज होत्या आणि त्या हाताने एका फाइलमध्ये लिहायच्या असत. बरीच वर्षं तर मटला स्वतःहून मेल पाठवताही येत नव्हता. तो मेल दुसऱ्या प्रोग्रामच्या हवाली करायचा आणि तो प्रोग्राम बसवणं हे आणखी एक काम असायचं. सर्व्हरशी थेट बोलून मेल पाठवण्याची सोय 2007 मध्ये आली.

खरा पेच त्याच काळातला आहे. 2002 मध्ये 1.4 ही स्थिर आवृत्ती निघाली आणि पुढची स्थिर आवृत्ती, 1.6, थेट 2016 मध्ये. मधली 14 वर्षं 1.5 ही 'चाचणीची' मालिका चालू राहिली. या काळात लोकांनी सुधारणा केल्या नाहीत असं अजिबात नाही. डाव्या बाजूला फोल्डरांची यादी दाखवणारा पट्टा, नॉटमच या शोधयंत्राची जोड, हे सगळं लिहून तयार होतं. फक्त ते मूळ प्रोग्रामबाहेर, सुट्या पॅचच्या रूपात हिंडत होतं. कुणी एक पॅच लावला की दुसरा बसायचा नाही, आणि मटची नवी आवृत्ती आली की सगळेच पुन्हा जुळवून घ्यावे लागायचे.

रिचर्ड रसन यांनी 2016 मध्ये निओमट सुरू केला, तो हा पसारा एकत्र आणण्यासाठी. सुरुवातीला ते त्याला वेगळा प्रोग्राम म्हणतही नव्हते. पॅचचा नीट लावलेला संग्रह, एवढीच त्याची ओळख होती. पण एकत्र बांधताना आतली जुनी घडण दिसू लागली आणि खरं काम तिथून सुरू झालं. अवाढव्य फाइली फोडून छोट्या लायब्ररी केल्या गेल्या, चाचण्या लिहिल्या गेल्या, प्रत्येक फंक्शनला टिपणं जोडली गेली, प्रोग्राम बांधण्याची जुनी यंत्रणा काढून सुटसुटीत आणली गेली. यातलं काहीच वापरणाऱ्याला पडद्यावर दिसत नाही. तरीही आधुनिकीकरण म्हणून सर्वाधिक श्रेय याच कामाला द्यायला हवं, कारण आत कुठे काय आहे ते नव्या प्रोग्रामरला कळल्याशिवाय बाहेरचं सोपं करायला कुणी पुढे येत नाही. निओमटमुळे मूळ मट संपला, असंही झालं नाही. फोल्डरांचा पट्टा त्याच वर्षी मटमध्येही आला आणि 2020 मध्ये मटची 2.0 आवृत्ती निघाली.

दरम्यान, बाहेरचं जग मात्र अवघड होत गेलं. 2022 मध्ये गुगलने वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या नेहमीच्या पासवर्डवर मेल प्रोग्राम जोडण्याची मुभा काढून घेतली. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी ऑक्टोबरपासून व्यवसायांसाठीच्या आपल्या मेलसेवेत तसंच केलं. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच होतं. पण पूर्वी जिथे सेटिंगच्या फाइलमध्ये दोन ओळी पुरायच्या, तिथे आता ब्राउझरमधून परवानगी घ्या, टोकन मिळवा, ते कुलूपबंद ठेवा आणि मुदत संपली की बदला, असा प्रकार सुरू झाला. मटसोबत त्यासाठी एक मदतनीस स्क्रिप्ट मिळते, पण ती चालवणं हे नवख्याचं काम नव्हे.

2019 मध्ये आलेल्या एर्क या प्रोग्रामने सुरुवातच वेगळी केली. ड्रू डिव्हॉल्ट यांनी तो गो भाषेत लिहिला. पहिल्यांदा सुरू केला की तो नाव, पत्ता, सर्व्हर विचारतो आणि खात्याची फाइल स्वतः तयार करतो. ब्राउझरसारखे टॅब त्यात आहेत. एका टॅबमध्ये उत्तर लिहिताना दुसऱ्यात जुना मेल वाचता येतो. रंगीबेरंगी एचटीएमएल मेल तो बाहेरच्या फिल्टरमधून गाळून वाचण्याजोगा मजकूर दाखवतो. एवढं करूनही कळांचा वेग कुठे कमी झालेला नाही.

मराठी वाचकाला यापुढचा प्रश्न पडणारच: यात देवनागरीचं काय? मेल पाठवण्याची बाजू केव्हाच सुटली आहे. 1992 मध्ये ठरलेल्या माइम पद्धतीमुळे कोणतीही लिपी मेलमधून जाऊ शकते. वाटेत एका 'म'ची नऊ इंग्रजी चिन्हं होत असली, तरी पोचल्यावर तो पुन्हा 'म'च होतो. अडतं ते पडद्यावर. टर्मिनल म्हणजे समान घरांचा तक्ता, आणि 'स्त्री' या एका अक्षरात युनिकोडची सहा चिन्हं असतात. त्यांना किती घरं द्यायची यावर प्रोग्राम आणि टर्मिनल यांचा हिशेब जुळला नाही, की मात्रा भलतीकडे सरकतात आणि विषयाच्या ओळी वाकड्या होतात. काही ठिकाणी काना किंवा वेलांटीला एक घर धरतात, काही ठिकाणी शून्य. एमएलटर्मसारख्या मोजक्या टर्मिनलांनी भारतीय लिपींची मुद्दाम काळजी घेतली आहे. त्यामुळे मराठीत टपाल वाचणाऱ्याने आधी टर्मिनल निवडावा आणि मग मट, निओमट की एर्क ते ठरवावं.