हलावे कोणी: प्रेक्षकाने की भिंतीने?

भोर तालुक्यातील आंबवड्याच्या झुलत्या पुलावर पूल हलला की मुले हसतात. संग्रहालयातील भूकंपाच्या हलत्या मंचावरही बहुधा हेच घडते. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमने १९९५ च्या कोबे भूकंपातील दुकान असेच प्रेक्षकांच्या पायाखाली हलवले. धक्का कळला, पण माणसे कशाने मरतात?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप भूकंपमापनात ६.२ भरला, म्हणजे जगाच्या मानाने मध्यमच. तरी हजारो माणसे दगावली. तिथल्या जाड भिंतींत दगडांचे दोन थर असत, मध्ये गोटे व माती. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड बहुधा नसत. हादऱ्यात थर सुटले आणि माळवदाची माती झोपलेल्यांवर आली.

म्हणून मंचावर भिंत उभी करावी, असे आम्हाला वाटते. वर्गात हे सहज जमते. गोट्यांवर पाट ठेवून त्यावर खडे-चिखलाच्या दोन भिंती रचाव्यात. एकीतच लांब, आरपार खडे घालावेत. (चिखल वाळू द्यावा, घाई नको!) पाटाला झटके देऊन कोणती भिंत आधी फुगते, ते पाहावे. मग मुलांनी गावातल्या पडक्या भिंतींत आरपार दगड किती, ते मोजून यावे.